रिपोर्टच्या आधीचं डोहाळजेवण

माझ्या भावजयीचं डोहाळजेवण झालं तेव्हा तिला दिवस गेलेत की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. पण त्यांच्या मांजरी गावातल्या सोसायटीत एक मॅडम आहेत, दर गुरुवारी क्लबहाऊसमध्ये प्रार्थना शिकवतात. देवाकडे मागायचं नाही म्हणे. मागितलं की आपल्याकडे नाही, हे कबूल होतं. मिळालंच आहे असं धरून आभार मानायचे, मग विश्व भरभरून देतं. टेस्ट ट्यूबचा हा शेवटचा प्रयत्न, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टची वाट कसली बघता? आधी ओटी भरून घ्या."

मी नणंद. फुलांचे दागिने आणायचं काम माझ्याकडे आलं. मंडईतली फुलवाली मुकुट गुंफताना म्हणाली, "कितवा लागलाय?"

"उद्या कळेल," मी म्हटलं. तिने मुकुट कागदात गुंडाळून हातात दिला.

हिरवी साडी, हिरवा चुडा, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट. भावजय इतकी सुंदर दिसत होती की मला रागच आला. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिच्या वाटीत पेढा निघाला. मॅडम डोळे मिटून म्हणाल्या, "बाळ आलंय. आभार माना." सगळ्या बायकांनी मानले. तेवढ्यात भावजय उठून आत गेली. बाहेर आली ती सरळ माझ्याजवळ, मुकुट तसाच.

"ताई, पाळी आली," एवढंच म्हणाली.

मॅडमनी ऐकलं. जवळ घ्यावं की नाही बाईने? छे. "इथे कुणीतरी मनात शंका आणली," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"शंका मी आणली, मग रक्त कुणी आणलं?" मी विचारलं.

भावजयीने माझा हात झटकला. "त्यांची नाही, मॅडम, शंका माझीच. सकाळी क्षणभर मनात आली होती." मॅडमनी समाधानाने मान डोलावली. पेढा टाकू नकोस, तो विश्वाचा अपमान होतो, म्हणाल्या. तिने तो सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ला.

पुढच्याच वर्षी मॅडमच्या सुनेला दिवस गेले. तिथे मात्र रिपोर्ट बघून, सोनोग्राफ्या करून, रीतसर सातव्या महिन्यात खाली क्लबहाऊसमध्ये डोहाळजेवण ठरलं. त्या सकाळी मॅडमचा मला फोन. "भावजयीला सांगाल का, ओटी भरायला नको येऊस म्हणावं. घरूनच आभार मान."

माझं डोकंच फिरलं. तडक तिच्या घरी गेले. म्हटलं, चल माझ्याबरोबर खाली, त्या बाईला चारचौघांत विचारते.

"बरोबर आहे त्यांचं, ताई," ती म्हणाली. "माझं रिकामपण बाळाला लागायचं."

खाली गाणी सुरू झाली तशी ती उठली आणि घरातल्या सगळ्या खिडक्या लावत सुटली. मला वाटलं, तिला ऐकवत नसेल. ते नव्हतं. तिच्या घरातलं वारंसुद्धा खाली जायला नको होतं.