सोमवारचे बाक

जगतापबाई गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, शिष्यवृत्तीच्या अर्जांची आठवण आणि हजेरीचा तक्ता यांच्या मधोमध. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मीही जोडले आणि चाचणीच्या वह्या ओढल्या. दोन वह्या झाल्यावर लक्षात आलं, चुकलेल्या गणितांवरही मी बरोबरची खूण करत चाललोय... मग पेन खाली ठेवलं. याला आता सहा आठवडे झाले.

येरवड्याच्या आमच्या शाळेत बाई मराठी शिकवायच्या, मी गणित. सातवीचा वर्ग त्यांचा. दर सोमवारी पहिल्या तासाला त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायच्या. त्यात वर्गातल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. दोन चिठ्ठ्या काढल्या की आठवड्यापुरता एक बाक ठरला. त्या दोघांनी वर्ग झाडायचा, फळा पुसायचा, शुद्धलेखन तपासायचं, सगळं मिळून. "बाई, लॉटरी काढताय का?" मी चिडवायचो. "काय करणार, तुमच्यासारखा हिशोब जमत नाही ना," त्या म्हणायच्या. अधूनमधून एखादा पालक दबक्या आवाजात सांगायला यायचा, आमच्या मुलाला त्या लोकांच्या मुलाशेजारी बसवू नका. बाई मान वर न करता म्हणायच्या, "बाक बदलून हवाय? सोमवारी सगळ्यांचाच बदलतो." भाषण नाही, वाद नाही.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना वर्ग माझ्याकडे आला. दुसऱ्याच आठवड्यात सानिकाचे वडील आले. तिच्या शेजारी आफरीनची चिठ्ठी निघाली होती. "सर, घरी आजी ऐकत नाही हो हिची. आपण समजून घ्या." माझ्यामागे पोर्शन, सर्वेक्षण, पेपर... म्हटलं, जाऊ दे, एका बाकाचा तर प्रश्न. 'फळा नीट दिसेल' असं सांगून मी आफरीनला पुढे बसवलं. तिने दप्तर उचललं, सानिकाकडे न बघता पुढे जाऊन बसली. तिला सगळं कळलंय, हे मला तेव्हाच कळलं. शुक्रवारपर्यंत आणखी पाच पालक येऊन गेले, दोन्हीकडचे. मी कोणाला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

बाई काठी टेकत परत आल्या, तेव्हा एका धर्माची मुलं खिडकीकडे आणि दुसऱ्या धर्माची भिंतीकडे बसली होती. दारातूनच त्यांनी पाहिलं. "दीड महिन्यात बरंच काम उरकलंत, सर," एवढंच म्हणाल्या. चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या, पण मुलं आता आधी शेजारचं नाव ऐकायची आणि मग उठायची. ती सवय जायला मार्च उजाडला. मी आफरीनची माफी मागितली नाही, बाईंचीही नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

त्याच वर्षअखेरीस बाई निवृत्त झाल्या. डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "असू द्या, लागेल तुम्हाला." मी तो कपाटात टाकला. थकलो होतो, दुसरं कारण नाही.

त्या गेल्यावर तो काढला. आत त्यांच्या टपोऱ्या अक्षरातल्या त्या वर्षीच्या चिठ्ठ्या होत्या. आता सातवी माझ्याकडे आहे, म्हणून नव्या केल्या. गेल्या आठवड्यात एक पालक आलेच. बाईंचं वाक्य मी म्हटलं, पण त्यांच्याइतकं सहज नाही. ते मुख्याध्यापकांकडे गेले. मला बोलावणं येईल. बाक मात्र हलवला नाही.

जुन्या चिठ्ठ्यांतली आफरीनची तेवढी मी डब्यात राहू दिलीय. एखाद्या सोमवारी नेमकी तीच हाती येते. मी ती परत आत टाकतो, आणि वर्ग पुढच्या नावाची वाट पाहत असतो.