पेणला चढलेला मुलगा

खोपोलीचा घाट उतरून बस पेणच्या रस्त्याला लागली तेव्हा मी स्वेटर काढून पिशवीत कोंबला. पुण्यात सकाळी बोटं गारठली होती, आणि इथं डिसेंबर असूनही मानेवर घाम येत होता. भात कापून झालेल्या शेतांत वाल उगवून आला होता. रस्त्याकडेच्या शेडमध्ये रंग न दिलेले पांढरे गणपती दाटीवाटीनं बसले होते. गणेशचतुर्थी अजून किती लांब, पण इथं वर्षभर तेच काम.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "पेणला माहेर का तुमचं?"

"नाही, कामासाठी चाललेय."

"कसलं काम?"

"कॉलेजचं," मी म्हटलं, आणि त्या खिडकीकडे वळल्या.

हे उत्तर मी बरीच वर्षं देत आले आहे. मी विद्यापीठात राजकीय हिंसाचाराचा अभ्यास करते. माणसं बंदुकीकडे किंवा बॉम्बकडे कशी वळतात, त्यातली काही परत कशी येतात, हा माझा विषय. तो सांगितला की समोरची माणसं एकतर जरा सरकून बसतात, नाहीतर सगळ्यांना गोळ्या घातल्या पाहिजेत असं सांगू लागतात. दोन्ही वेळा बोलणं संपतं. म्हणून कॉलेजचं काम.

या वेळचं काम एका बसचं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी रोह्याहून मुंबईला निघालेल्या एका बसमध्ये स्फोट झाला होता. ज्या लहानशा संघटनेनं तो घडवला, ती पुढं दोन-तीन वर्षांत विरून गेली. माझ्या विद्यार्थ्यांना आज तिचं नावही माहीत नाही, आणि मलाही ते इथं लिहायचं नाही. बॉम्बची बॅग घेऊन जो माणूस रोह्याला चढला आणि पनवेलला उतरून गेला, त्याला मी तुरुंगात अनेकदा भेटले होते. त्याला इथं वसंत म्हणते. शिक्षा भोगून तो आता सुटला होता आणि रोह्यात बहिणीकडे राहत होता. त्याला भेटायच्या आधी मला पेणजवळ हिराबाईंना भेटायचं होतं. त्यांचा मुलगा दिनेश त्या बसमध्ये गेला. हिराबाईंचं नावही मी बदललं आहे, दिनेशचंही.

पेण स्टँडवरून मिनीडोर (सहा माणसांची रिक्षा) मिळाली. खाडीकाठच्या गावापाशी चालकानं उतरवलं आणि बोट दाखवलं, "बांधावरून सरल जावा. त्या शेवग्याचं घर." बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला बंद पडलेली मिठागरं. पाणी आटून गेलेल्या चौकोनांत खारट पांढुरका थर होता आणि त्यावर बगळे उभे होते. मी बगळ्यांकडे बघत चालले आणि घसरले. उजवा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. चप्पल हातानं उपसून काढावी लागली.

हिराबाई दारातच होत्या. साठी उलटलेली, सडपातळ बाई, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. माझा पाय बघून त्या हसल्या नाहीत. तांब्यानं पाणी ओतत म्हणाल्या, "पयल्यांदा येनाऱ्याला खाडी धरतेच. जेवलीस का गो?"

तांदळाची भाकरी, जवळ्याची (सुकवलेली बारीक कोळंबी) चटणी आणि आंबट सार. जेवण होईपर्यंत त्यांनी कामाचं काही बोलू दिलं नाही. मग ताटं उचलून, हात पदराला पुसून त्या समोर बसल्या.

"इचार, काय इचारायचं ते."

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. नवरा मिठागरात राबून गेला. दिनेश एकुलता. मुंबईत एका कुरिअरवाल्याकडे त्याला पहिलं काम लागलं होतं, त्यासाठीच तो निघाला होता. पेणच्या स्टँडवर त्याला बसवायला त्या स्वतः गेल्या होत्या.

"बस भरलेली. उभाच ऱ्हायला. हातात पापडाचं पुडकं दिलेलं, जिच्याकडं खोली घेतली त्या बाईसाठी. मी बोलली, मोडू नको रे. तर ते असं छातीशी धरून चढला." त्यांनी दोन्ही हात छातीशी घेऊन दाखवले.

माझं लिहिणं थांबलं.

तुरुंगातल्या एका भेटीत वसंतनं मला सांगितलं होतं, "पेणला एक पोरगा चढला. पापडाचं पुडकं होतं त्याच्याकडे, मोडू नये म्हणून छातीशी धरलेलं. पनवेलला मी उतरलो तेव्हा तो मागनं ओरडला, दादा, तुमची बॅग राहिली." मग काय झालं, असं मी विचारलं होतं. "मी उतरलो," एवढंच तो म्हणाला होता. तेवढ्यात भेटीची वेळ संपली, आणि पुढं त्यानं तो विषय कधी काढला नाही.

हिराबाई म्हणत होत्या, "पोलीस आले, पेपरवाले आले, वकील आले. मना एकच इचारायचं हाय, त्याचं उत्तर कोनी दिलं नाय. शेवटचा तो कोनाशी बोलला? काय बोलला? बसमध्ये त्याला वलखीचं कोन नव्हतं. तू त्या लोकांना भेटतेस ना? त्यातला कोन काय बोलला का कधी?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण एकानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. दर जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना मीच तो शिकवते.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"असं बोलून लय जनं गेली," त्या शांतपणे म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

पेणच्या लॉजवर त्या संध्याकाळी मी खाली जाऊन राइसप्लेट खाल्ली. मालकानं टीव्ही माझ्याकडे वळवून दिला, एकट्या बाईला तेवढीच सोबत म्हणून. हे कुणाशी तरी बोलायला हवं होतं. ज्यांच्याशी बोलता येईल अशा सहकाऱ्यांना हिराबाईंचं नाव सांगता आलं नसतं, आणि बहिणीला फोन केला असता तर तिनं पहिलं वाक्य पुरं होऊ न देता म्हटलं असतं, सोड ना गं हे काम आता. मी फोन हातात धरून बसले आणि नंतर पालथा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी रोह्याला जाणारी गाडी धरली. डबा रिकामाच होता. कासू, नागोठणं अशी स्टेशनं येत गेली. एक म्हातारा भाजीच्या पाट्या घेऊन चढला आणि पुढच्या स्टेशनाला उतरला. रोह्यात शिरताना कंपन्यांच्या चिमण्या दिसल्या आणि हवेत आंबूस वास आला. "आता वास कमीच हाय, मॅडम," रिक्षावाला म्हणाला, "शिफ्ट सुटताना या म्हणजे कळंल."

वसंतच्या बहिणीचं, सुनंदाचं, घर कुंडलिकेच्या काठाजवळ होतं. तिनं मला आत घेतलं, पण दार लोटून. वसंत कंपनीत पॅकिंगला होता, सकाळची शिफ्ट करून नुकताच आला होता. तुरुंगात असताना तो जाड दिसायचा; आता गालफडं बसली होती. कंपनीत त्याच्याविषयी कुणाला माहीत आहे का, मी विचारलं.

"माहीत असेल. कुणी विचारत नाही. डबा एकटाच खातो."

दिवस कलायला लागला तशी सुनंदानं परसात पोपटीची तयारी केली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती काटक्या पेटवायच्या. वसंत जाळ घालत होता. सुनंदा ताटल्या आणायला आत गेली तेव्हा मी त्याला सांगितलं, की पापडाचं पुडकं घेतलेल्या मुलाची आई मला भेटली.

त्याच्या हातातली काटकी जळत बोटांपर्यंत आली. त्यानं ती टाकली.

"काय म्हणतात?"

"तो शेवटचं कुणाशी आणि काय बोलला, एवढंच त्यांना हवंय. मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर सांगणारही नाही."

त्यानं जाळ सारखा केला. मला वाटलं, उठून आत जाईल.

"तुम्हाला मी सगळं सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "कोर्टातपण नाही सांगितलं. सुनंदालापण नाही. त्यानं हाक मारली, दादा, बॅग राहिली. मी मागं वळलो. पूर्ण बस बघत होती. मी म्हटलं, पाणी घेऊन आलोच, माझी जागा धर. तो हसला. आणि बसला माझ्या जागेवर. बॅगेच्या बाजूला."

आतून ताटल्यांचा आवाज येत होता.

"तो उभा होता, मॅडम. पार मागं सरकला असता कदाचित. मी त्याला बसवला."

एरवी अशा वेळी मी पुढचा प्रश्न विचारते. प्रश्न विचारणं हे मला येतं. त्या दिवशी मी बाहेर आलेल्या काटक्या जाळात सारल्या.

"सांगा त्यांना," तो म्हणाला. "पण सांगाल तर सगळं सांगा. नुसतं तो चांगला होता, त्यानं हाक मारली, एवढं सांगू नका. माझं वाक्यपण सांगा."

पोपटी उघडली. वाफेबरोबर ओव्याचा आणि पाल्याचा उग्र वास पसरला. सुनंदानं माझ्या ताटलीत शेंगा वाढल्या आणि भावाकडे बघत म्हणाली, "काय झालं रे?" "धूर," तो म्हणाला. तिघांनीही खाली मान घालून खाल्लं.

परतीच्या गाडीत मी ठरवत होते आणि मोडत होते. अर्धंच सांगावं. दादा, तुमची बॅग राहिली. कुठल्याही आईला जपून ठेवावंसं वाटेल असं वाक्य. उरलेलं माझ्यापाशी राहिलं तर बिघडतं कुठे? पण मग हिराबाईंना काय झेपेल हे ठरवणारी मी कोण, हेही कळत नव्हतं. आणि वसंतची अट होतीच.

सकाळी पुन्हा तो बांध, या वेळी नीट बघून चालले. हिराबाई अंगणात जवळा वाळत घालत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पापडाचं पुडकं, हाक, त्यावरचं उत्तर, जागा. एकाही शब्दाला मुलामा दिला नाही. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

त्यांचा हात जवळ्यावरून फिरत राहिला. मग थांबला.

"दादा बोलला?"

"हो."

"अनोळखी मानसाला दादाच बोलायचा." आणि थोड्या वेळानं, "मग उठला नसंल तो. जागा धर बोलल्यावर उठनार नाय. कोनी वरडलं असतं तरी उठला नसता."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी मूठभर जवळा उचलला, बोटांतून परत खाली सोडला.

"जवळच ऱ्हातो ना तो?" त्यांनी एकदम विचारलं. "परवा तू आलेलीस, आज लगेच इचारून आलीस."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचं नाव त्यांना कोर्टापासून माहीत होतं. ठिकाण कळायला आता एक फोन पुरला असता.

"मला सांगता येणार नाही, हिराबाई."

"नको सांगू. कळलं तर बाजारात दर मानसाच्या तोंडाकडं बघत बसायची मी."

निघताना मी विचारलं, त्याला काही निरोप आहे का. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "शिवीपन नाय. माझ्याकडनं त्याला काय जायला नको." मग माझ्याकडे बघून, जरा मऊ आवाजात, "तू ये पन. कामाशिवाय ये."

दुपारची पुण्याची बस मिळाली. पेण मागं पडलं तसा मी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं मी माणसं हिंसेकडे का वळतात हे विचारत आले आहे, आणि त्याची उत्तरं थोडीबहुत माझ्याकडे आहेतही: अपमान, रिकामपण, एखादा लाडका मित्र, एखादं मोठं वाटणारं स्वप्न. पण त्या दोन घरांत जे शिल्लक होतं त्याला कारणांनी काहीच फरक पडत नव्हता. गाडीनं सहज जाता येईल इतक्या अंतरावर दोन माणसं तोच एक मुलगा रोज आठवत होती, आणि एकमेकांशी त्याच्याविषयी कधीही बोलणार नव्हती. मधली ये-जा फक्त माझी. आणि तीही आता संपली होती.

खोपोलीच्या पुढं घाट चढायला लागलो तेव्हा फोन वाजला. वसंत होता. मागं यंत्रांची घरघर ऐकू येत होती. शिफ्टच्या मधल्या सुट्टीत त्यानं केला असावा.

"सांगितलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"काही म्हणाल्या?"

निरोप नाही, हाही एक निरोपच झाला असता, आणि हिराबाईंकडून त्याला काही जायचं नव्हतं.

"ते मला सांगता येणार नाही, वसंत."

"बरं," तो म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडची घरघर आणि इकडं बसचं कण्हत चढणं, एवढंच कानात होतं. एका वळणावर रेंज गेली आणि फोन तुटला. वर लोणावळ्याला पोचल्यावर रेंज परत आली, तरी मी बराच वेळ फोन कानाशी धरून होते.