आईचं 'पानी' कापणारे सर

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

विद्यापीठाच्या संशोधन परिषदेत मी आमच्या वसईकडच्या मिठागरवाल्यांच्या बोलीवर बोलणार आहे. आज दुपारी गाईडनी माझा गोषवारा तपासून परत दिला. उदाहरणं म्हणून दिलेली माझ्या आईची सगळी वाक्यं त्यांनी 'सुधारली' होती. 'पानी'चं 'पाणी', 'कोन'चं 'कोण'.

"सर, माझा विषयच हा आहे."

"असू दे. गोषवाऱ्यावर माझंही नाव आहे. असलं अशुद्ध दाखवलंस तर लोक मला हसतील."

मी त्यांच्यासमोरच आईचे सगळे 'न' परत टाकले.

"मग माझं नाव काढ," ते ओरडले.

काढलं आणि गोषवारा पाठवून दिला.

तुमच्या घरच्या बोलण्याला कुणी अशुद्ध म्हटलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? मी तर परिषदेला आईला पुढच्या रांगेत बसवणार आहे. ज्याला हसायचंय, त्याने तिच्या तोंडावर हसावं.