न चाललेल्या सिनेमांच्या आक्का

आमच्या रस्त्याच्या वळणावर आक्कांचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासताना भिंग बदलता बदलता त्या हमखास विचारतात, "हल्ली काय पाहिलंत?" गिऱ्हाइकाने गाजणाऱ्या सिनेमाचं नाव घेतलं की म्हणतात, "तो चालतोय. त्याला माझी गरज नाही." मग चष्म्याच्या पावतीबरोबर एखाद्या पडलेल्या सिनेमाची शिफारस हातात पडते. किंवा भर दुपारी, सगळं जग झोपलेलं असताना दाखवून संपलेल्या एखाद्या मालिकेची.

ही आवड लहानपणची. दुकान वडिलांचं, आणि त्याला लागूनच तेव्हा थिएटर होतं. सिनेमा पडला की थिएटरचा मालक हॉल अगदी भकास दिसू नये म्हणून आक्का आणि त्यांच्या मोठ्या भावाला फुकट आत बसवायचा. चालणाऱ्या सिनेमाला अर्थातच त्यांना कोणी दारात उभं करत नसे. दोघं भावंडं अशी पडलेल्या सिनेमांवरच वाढली. दादा पुढे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागले, तरी बहीणभावांचा हा वाद रोजचा. कुठला सिनेमा उगीच पडला आणि कुठला पडायलाच हवा होता, यावर ते जेवणाची ताटं वाळवत बसत.

वहिनी गेल्या आणि ते सगळं थांबलं. दादा निवृत्त झालेले, मुलगी लांब. जेव म्हटलं की जेवायचे, चल म्हटलं की चालायचे. बोलणं म्हणाल तर "हं" आणि "बघू". आक्का कधी रडक्या नव्हत्या. पण एकदा काचा पुसता पुसता मला म्हणाल्या, "माणूस गेल्याचं दुःख कळतं हो. पण हा बसल्या जागी निघून चाललाय."

शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत आमची बैठक असते. खुर्च्या मांडण्याचं आणि प्रोजेक्टर सांभाळण्याचं काम माझ्याकडे. आक्कांचा नियम असा की बघण्याआधी कोणी काही वाचायचं नाही. वाचून आलेला माणूस सिनेमा बघत नाही, पडताळून बघतो, असं त्यांचं मत. म्हणून सीडी आणली की त्या कव्हर काढून ठेवतात आणि वरचा कागदही खरवडून टाकतात.

त्या शनिवारी त्यांनी दादांना जवळजवळ ओढूनच आणलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका जोडप्याची जुनी मालिका त्यांनी कुठून कुठून शोधून दोन सीड्यांवर मिळवली होती. दादा-वहिनी एके काळी ती काम टाकून बघायचे. आक्कांनी स्वतः ती पाहिलीच नव्हती. तेव्हा त्या दुकानात असायच्या. "आज उठून गेला, तर पुन्हा यायचा नाही," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

मी सीडी लावली. पडद्यावर घड्याळजी एकटाच. त्याने दोन कप काढले, एक परत ठेवला. रात्री पलंगाच्या एका कडेला झोपला. दुकानात कोणी बायकोची चौकशी केली की तो मान खाली घालून स्क्रू शोधायचा. खोलीत कोणी हालेना. आक्कांचा चेहरा उतरला. नेमकं हेच दाखवायला आणलं भावाला! दादा पडद्याकडे बघत होते, पण काय बघत होते ते कळत नव्हतं.

मी घाईघाईने दुसरी सीडी लावली. दार उघडून बायको आत आली आणि आल्या आल्या ओरडली की माझी कात्री पुन्हा तुमच्या खोक्यात कशी?

दिवे लागले आणि चर्चेला तोंड फुटलं. निवृत्त मास्तरांच्या मते बायको परत आलेली नाही, ती त्याच्या मनात आली आहे. विमा एजंटने सांगितलं की काळ गोल फिरतो हे दाखवायलाच दिग्दर्शकाने घड्याळांचा धंदा निवडला. कोपऱ्यावरच्या केशकर्तनवाल्याला ते भूत वाटलं, पण भूत कात्रीवरून का भांडेल, हे त्याला सुटेना. मास्तर म्हणाले, तेच तर दिग्दर्शकाचं धाडस.

मागून कोणीतरी खोकल्यासारखा आवाज केला. वळून पाहिलं, तर दादा हसत होते.

"अहो, मेली कुठे ती? रुसून बहिणीकडे गेलीय. आधीची सीडी नंतर लावलीत तुम्ही."

मी दोन्ही सीड्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. कागद खरवडल्यावर दोन्ही सीड्या सारख्याच दिसत होत्या.

"रुसली कशावरून?" आक्कांनी हळूच विचारलं. उत्तर "हं" येतं की काय, याची भीती त्यांच्या आवाजात ऐकू येत होती.

"कात्रीवरूनच. याने तिची कात्री तारा कापायला घेतली. अगं, आमच्याकडेही तेच चालायचं. हा भाग पाहिला त्या दिवशी ही म्हणाली, बघा, मीही जाईन. मी म्हटलं, तुला बहीण कुठाय जायला? तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी." दादांनी चष्मा काढून पुसला. "तिसऱ्या दिवशी मी नवी कात्री आणली. तीही मीच वापरली, पुढे."

सगळे हसले, आक्काही हसल्या, डोळ्यांना पदर लावून. मग दादांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. इतकी सरळ मालिका, आणि तुम्ही त्यात भुतं शोधता. पुढच्या शनिवारी पहिल्यापासून लावायची आणि चर्चा करताना डोकं ठिकाणावर ठेवायचं. मास्तरांनी एवढं ऐकून घेतलेलं मी प्रथमच पाहिलं.

परवा मी चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला दुकानात गेलो. तपासणीच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. आक्का त्यांना एक जुना सिनेमा सुचवत होत्या, आणि दादा काउंटरमागून म्हणत होते, "तो नका बघू. तो पडला तेच बरं झालं."

"तुला काय कळतंय? अर्ध्यात झोपला होतास तू."

"झोपलो, यावरूनच समज ना."

बाई तपासणीची जाड चौकट नाकावर घेऊन आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांचा नंबर अजून निघायचा होता, पण उठायची घाई त्यांना मुळीच दिसत नव्हती.