जिथं राजीनामा नाही

प्रल्हाद बोरकुटे सकाळी रायपूरच्या पुरानी बस्तीतून सायकलीनं निघत तेव्हा त्यांचा आवाज मराठी असे. कचेरीत पोचेपर्यंत तो हिंदी होई, आणि संध्याकाळी परत येताना तो कोणत्याच भाषेचा राहत नसे. नुसता हुं. त्या हुंवरून त्यांच्या बायकोला, चित्राबाईंना, दिवसभरात किती केसेस झाल्या ते कळे. लांब हुं म्हणजे चाळिसाच्या आत. तुटका हुं म्हणजे साठाच्या वर, आणि मग भाजी अळणी झाली तरी त्या दिवशी कोणी ब्र काढायचा नाही.

बोरकुटे कुटुंब न्यायालयात बाबू होते. साहेबांच्या खालच्या टेबलावर बसायचं, नाव पुकारलं की फाइल वर द्यायची, फाइल खाली आली की पुढची तारीख सांगायची. रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, चौकाचौकात कारंजी आली, आणि बोरकुट्यांच्या टेबलावरचा गठ्ठा दुप्पट झाला. आधी गावातलीच जोडपी भांडत यायची. आता सिलतऱ्याच्या कारखान्यातला फिटर येई, मंत्रालयातला अंडर सेक्रेटरी येई, आणि दोघांच्या बायका एकाच बाकावर बसून एकमेकींना पाणी देत. बोरकुटे दोघांना एकाच सुरात सांगत, "सत्रह तारीख. नहीं मैडम, सत्रह. एक और सात."

दिवसातून एकदोनदा मात्र हा सूर बदलायचा. एखादं जोडपं मुकाट्यानं टेबलापाशी येई. नवरा खाली बघत म्हणे, "बाबूजी, राजीनामा करना है." मग बोरकुटे चष्मा पुसत, खुर्ची ओढून देत, नवा कागद काढत. इकडच्या कोर्टात राजीनामा म्हणजे समेट. दोघं राजी, भांडण मिटलं, लिहून दिलं, घरी गेले. अठ्ठावीस वर्षांत बोरकुट्यांनी इतके राजीनामे लिहिले होते, की घरातही तोच शब्द रुळला होता. लेकीनं आईशी तोंड फुगवलं, की हे वर्तमानपत्रामागून म्हणत, "चला, राजीनामा करा." आणि चहा होई.

ही लेक कौमुदी. बारावीच्या वर्षात तिनं काय वाचलं नाही ते विचारा. परीक्षा दिल्या दोन आणि लागली दोन्हीकडे: इथल्या सरकारी मेडिकलला, आणि पुण्याच्या फौजी मेडिकल कॉलेजात. इथं घरून सिटी बसनं जायचं. तिथं फी नाही, राहणं-खाणं त्यांचं, पण डॉक्टर झाल्यावर किमान सात वर्षं फौजेत, ते म्हणतील त्या ठिकाणी. तसं लिहून द्यायचं, आणि खाली पालकाची सही.

कागद येऊन दहा दिवस झाले होते. बुधवारी पुण्याची गाडी. इथली जागा धरायची की सोडायची, ते सोमवारी सांगायचं. आणि बोरकुटे रोज संध्याकाळी तो कागद घेऊन बसत आणि रोज म्हणत, "वाचून राहिलो."

"किती वाचता?" चित्राबाई म्हणत. "चार पानं हायेत. तुमी तर चारशे पानाची केस कपभर चहात वाचता."

"हुं."

कौमुदीही काही बोलत नसे. अभ्यास संपून दोन महिने झाले तरी तिचे डोळे अजून पहाटे चारलाच उघडत आणि दुपारभर जड राहत. कोणी विचारलं तर म्हणे, "बाबा साइन करेंगे तो जाऊँगी, नहीं तो यहीं." आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. बाबांच्या मनात, की पोरगी एकदा हो म्हणू दे, मग सही करतो. पोरीच्या मनात, की बाबांनी एकदा सही केली की आपण सुटलो. दोघं एका दाराशी उभे राहून तुम्ही आधी, तुम्ही आधी करत होते, आणि दार उघडत कोणीच नव्हतं.

बाकी सल्ला द्यायला माणसांची कमी नव्हती. वरच्या मजल्यावर यशवंतराव राहत, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. ते जिना उतरतानाच बोलायला लागत, म्हणजे खाली येईपर्यंत अर्धं भाषण झालेलं असे.

"तर प्रल्हादभाऊ, मी बत्तीस वर्षं मागच्या डब्यात बसलो. गाडी कुठून कुठं आली, ते मागच्यालेच समजते. फौज म्हणजे काय? शिस्त! पाठवा पोट्टीले. पण काय हाये, पोट्टीची जात. सात वर्षं. लग्नाचं वय. नोका पाठवू. पण शिस्त पाह्यली तर..."

"म्हणजे पाठवू का नोको?"

"मी काय सांगू? मी गार्ड. झेंडी दाखवतो. गाडी डायवरची."

एवढं बोलून ते दोन पोळ्या खाऊन वर जात.

बोरकुट्यांच्या मनात काय अडकलं होतं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. इंटरव्ह्यूला लेकीबरोबर ते पुण्याला गेले होते. आत मुली, बाहेर बाकावर बाप. तिथं एक सातारकडचे सुभेदार होते, मिशीदार, आवाज असा की कुजबुजले तरी मैदानापलीकडे जावा. मराठी पालक दिसताच त्यांना उमाळा आला.

"पाव्हणं, कुठलं म्हनायचं?"

"रायपूर."

"आँ? तितं मराठी मान्सं हायती? वा! आता एक ध्यानात ठिवा. सही करायच्या आदी दहा डाव इचार करा. कारन एकदा का सही झाली, की मधी राजीनामा न्हाई. काय? रडा, पडा, आईला बोलवा, राजीनामा न्हाई म्हंजी न्हाई!"

 बोरकुट्यांनी मान डोलावली, पाणी प्यायलं, परतीच्या गाडीत खिडकीशी बसले ते दुर्गपर्यंत बोलले नाहीत. त्यांच्या कचेरीत मारझोडीचे राजीनामे झाले होते. ताटातुटीचे झाले होते. बारा वर्षं तोंड न बघितलेल्या नवराबायकोचा राजीनामा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि सही होताच ती बाई नवऱ्याला म्हणाली होती, "अब छाता तो पकड़ लो." जगात असं कोणतं भांडण आहे, ज्यात राजीनामा नाही? आणि तसं ठिकाण असेल, तर तिथं आपण आपली पोरगी का ठेवायची? तिचं एखाद्या साहेबाशी वाजलं, मैत्रिणीशी बिनसलं, तर समेटच नाही? सात वर्षं तशीच?

कागद आल्यापासून दहा दिवस हे त्यांनी एकट्यानं चघळलं. आधीच थकलेला माणूस, त्यात हे.

रविवारी सकाळी चित्राबाईंचा धीर सुटला. उद्या सोमवार. त्यांनी पोहे समोर आपटले.

"अहो, हो तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. पोट्टी वाळून चालली. अडलं तरी काय?"

"काही नाही."

"कसं काही नाही? काहून सही करून नाही राहिले?"

मग बोरकुटे एकदम उसळले. घरात असा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं काढला नव्हता. "जिथं राजीनामाच नाही, तिथं पोट्टी ठेवू कशी मी? त्या सुभेदारानं तोंडावर सांगितलं मले! रडा, पडा, राजीनामा नाही! असा कायदा असते का कुठं? खुनाच्या केसमदीबी दोन घरचे लोकं बसून बोलतात!"

कौमुदीचा घास तोंडाशीच थांबला. चित्राबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले.

"रडून काहून राहिली?" बोरकुटे घाबरले.

त्या रडत नव्हत्या. "अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "अहो, आमच्या आर्वीले राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इस्तीफा हो, इस्तीफा! मधेच सोडून जाता येत नाही म्हणत होता तो माणूस."

"इस्तीफा?"

"इस्तीफा! मी लग्न होऊन आली, तर पहिल्याच आठवड्यात तुमी घरी येऊन म्हटलं, आज तीन राजीनामे झाले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज पाच. मले वाटे, बापा, असं कसं ऑफिस, रोज पाच माणसं नोकरी सोडून चालले! महिन्याभरात एकटे तुमीच राहसान. मी आईले पत्र लिहिलं होतं, की जावयाचं ऑफिस बंद पडून राहिलं, काही दिवसांनी तिकडंच येतो."

कौमुदी हसता हसता ठसका लागून मोरीकडे पळाली. वरून यशवंतरावांनी विचारलं, "काय झालं हो?" आणि उत्तराची वाट न बघता उतरायला लागले. चित्राबाईंनी त्यांना जिन्यातच पोह्यांची बशी दिली आणि परत पाठवलं.

बोरकुटेही हसले. पण थोडंच. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. आता कारण उरलं नव्हतं. दहा दिवस आडोसा धरायला एक शब्द होता, तोही गेला.

"म्हणजे," ते म्हणाले, "मधेच सोडता नाही येत, एवढंच."

"इतना ही," कौमुदी म्हणाली. ती तोंड धुऊन आली होती.

"ते एवढंसं नाही, बेटा. मले पाह्य. राजधानी झाली तेव्हा मंत्रालयात माणसं पायजे होते. संगतीचे चार जण गेले. मी अर्ज लिहिला होता. दिला नाही. आज देऊ, उद्या देऊ. कोणी लिहून नव्हतं घेतलं माझ्याकडून काही. कधीबी उठून जाता आलं असतं."

"फिर गए क्यों नहीं?"

"थकून यायचो ना संध्याकाळी." पुढची तारीख सांगावी तशा सुरात ते म्हणाले. "थकलेल्या माणसाले जे चालू हाये तेच बरं वाटते. तू सांग. तुले काहून जायचं हाये? जायचं हाये का?"

कौमुदीनं बोटानं ताटातली मोहरी एका कडेला लावली. मग पहिल्यांदाच मराठीत बोलली, अडखळत.

"मला ना बाबा, ठरवून ठरवून कंटाळा आला. ट्यूशन कोणती, विषय कोणता, परीक्षा कोणती. तिथं सगळं तेच सांगतात. पाच वाजता उठा, इथं उभे रहा. मले वाटलं, चला, सुटलो."

बोरकुट्यांनी मान हलवली. "मग नोको जाऊ."

चित्राबाई चमकल्या. "आता हे काय?"

"ही माझ्यावानी बोलून राहिली. मी असाच बसलो त्या टेबलावर. थकली हाये म्हणून जायचं नसते कुठं. आन थकली हाये म्हणून राह्यचंबी नसते." त्यांनी कागद उचलला आणि लेकीच्या हातात दिला. "तू नाही म्हटलं तर उद्या मी स्वतः तुझ्यासंगं इथल्या कॉलेजात येतो. कोणाले उत्तर द्यायचं नाही. यशवंतरावालेबी नाही."

कौमुदी कागद घेऊन तशीच बसली. बाहेर भाजीवाली ओरडत गेली, तिला कोणी थांबवलं नाही.

"एक गोष्ट झाली होती तिथं," ती म्हणाली. "मी सांगितली नाही. मेडिकलच्या दिवशी आम्हाला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधे बसवलं होतं. एक जवान स्ट्रेचरवर होता. आपल्याच इकडचा, कांकेरकडचा. पायाला काहीतरी झालं होतं. आणि सिस्टर केरळची. तो छत्तीसगढीत सारखा म्हणे, अब्बड पिरावत हे, अब्बड पिरावत हे. तिला समजेना. ती बिचारी त्याला पाणी देई, चादर देई, पंखा लावे. मी उठून सांगितलं, सिस्टर, ही इज सेइंग, खूप दुखतंय."

"मग?"

"मग काही नाही. तिनं डॉक्टरला बोलावलं. इंजेक्शन दिलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, कोन गाँव के हस, नोनी? मी म्हटलं, रायपूर. तर मान हलवून हव म्हणाला आणि डोळे मिटले."  "रात्री मला वाटलं, हा आणखी कुठं कुठं जाईल, आणि तिथं त्याचं बोलणं कोणाला समजेल का. बस, एवढंच. हे काही कारण आहे का, मले माहीत नाही."

 बोरकुट्यांनी चष्मा लावला. लेकीच्या हातातून कागद घेऊन ताटाशेजारची जागा बाहीनं पुसली, कागद सरळ केला, आणि तिच्याकडे न बघता, खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होऊन त्यांनी विचारलं. कोर्टात प्रत्येक राजीनाम्याच्या वेळी हे विचारायचं असतं म्हणून ते विचारत. उत्तर यायच्या आत "हाँ" लिहूनही टाकत.

"बिना किसी डर, दबाव के? अपनी मर्जी से?"

ह्या वेळी ते थांबले.

"दबाव नाही," कौमुदी म्हणाली. "डर हाये. पण जातो मी."

"डर हाये," बोरकुटे पुटपुटले. तो लिहायला कागदावर रकाना नव्हता. त्यांनी पेन तिच्या पुढे केलं. तिनं सही केली, गोल, शाळकरी. मग त्यांनी केली. पालक: प्रल्हाद यशोधर बोरकुटे. आणि अठ्ठावीस वर्षांची सवय, हात थांबलाच नाही. लेकीच्या सहीखाली एक रेघ ओढून त्यांनी बारीक अक्षरात लिहून टाकलं: मेरे समक्ष.

"अगोबाई!" चित्राबाई ओरडल्या. "खराब केला ना फॉर्म! आता पुण्याचे लोकं काय म्हणतील? त्यांनी सांगितलं होतं का असं लिहायले?"

बोरकुट्यांनी पेनाचं टोपण शोधायला सुरुवात केली. "खोडून टाकतो."

"राहू द्या," कौमुदीनं कागद आपल्याकडे ओढून घेतला. "समोरच तर होते तुमी."