जमनाबाईने लावलेली शर्यत

तळोद्याच्या वरच्या अंगाला, जिथे शेवटची गल्ली संपते आणि सातपुड्याच्या पायथ्याचं गवत सुरू होतं, तिथे जमनाबाई राहायची. नवरा मगन पाटील सरळ, अबोल माणूस. बोलण्याचं खातं त्याने लग्नातच बायकोकडे सोपवलं असावं. चेहऱ्यावरची रेष न हलवता वाटेल ते सांगण्यात जमनाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. कचेरीत बदलून आलेल्या कारकुनाच्या बायकोला तिने एकदा सांगितलं, की इथल्या विहिरीचं पाणी गाणं म्हटल्याशिवाय गोड लागत नाही. ती बिचारी कितीतरी दिवस रहाटाशी ओव्या म्हणत उभी राहायची, आणि जमनाबाई शेजारी उभी राहून सूर धरायची.

पण वणव्याची गंमत करणं तिला जमत नसे. होळी जवळ आली की डोंगरात कुठेतरी आग लागायची. कधी मोहाखालचा पेटवलेला पाला, कधी कोळशाची भट्टी, कधी नुसती कोणाची तरी बिडी. मागल्या साली आग वाळल्या गवतातून थेट गल्लीत उतरली. घरामागे रचलेल्या कडब्याच्या गंजी पेटल्या, गंजींवरून गोठे. जमनाबाईची कालवड आत बांधलेली होती. दाव्याची गाठ काही सुटली नाही. त्यानंतर महिनाभर ती कोणाशी धड बोलली नाही, आणि गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

यंदा पावसाळा सरल्यापासून ती पारावरच्या पुरुषांना सांगत होती, की वरचं पडीत साफ करा, गंजी हलवा. चुडामण पाटील म्हणाला, "वहिनी, जंगल सरकारनं शे. सरकार दखी लिई."

त्याचा चुलतभाऊ दोधू म्हणाला, "आनि औंदा वारा तसा नही."

एवढं बोलून दोघे पुन्हा बैलांकडे वळले. सकाळी बैल, दुपारी बैल, संध्याकाळी बैल. डोक्यावर घागर घेऊन जमनाबाई थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि मग नेहमीपेक्षा हळू चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती विरजण मागायला चुडामणच्या घरी गेली. निघता निघता म्हणाली, "दोधूभाऊ सांगे, चुडामणना बैल दिसाले चांगला, पन पयाले लावा ते बठी जातीन." तिथून ती दोधूकडे गेली. त्याला तिने एवढंच सांगितलं, की चुडामण त्याच्या जोडीला म्हशी म्हणतो. विरजण दोन्ही घरून मिळालं.

दिवेलागणीच्या आत पारावर शर्यत ठरली. पण जागा कुठली? गल्लीत गटारं, खालच्या शेतांत गहू उभा. वाद रंगात आला तेव्हा जमनाबाई नेमकी घागर घेऊन तिथून चालली होती. "मी बाईमानूस, मले काय समजस," ती म्हणाली. "पन वरला अंगले पडीत शे. सरळ शे."

आगीसाठी ज्यांनी विळ्याला हात लावला नव्हता, ते सगळे सकाळी विळे परजून पडितात उतरले. जमनाबाई ताक घेऊन फिरत होती. बुडखे दिसले की म्हणायची, बैलाचा पाय मुरगळेल. मग बुडखे निघाले, वर वखर फिरला, आणि काळी माती उघडी पडली. पट्टा अरुंद वाटला की म्हणायची, बैल बुजून गवतात शिरला तर आत साप आहेत. मग पट्टा आणखी रुंद झाला. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोंगर आणि घरं यांच्या मधोमध.

राहिल्या गंजी. सगळ्यांत मोठ्या सुमेरमल शेठच्या, कापसाच्या वखारीला चिकटून. जमनाबाई दुकानात गेली आणि काळजीच्या सुरात म्हणाली, "शेठ, शहादाथीन, अक्कलकुवाथीन लोके शर्यत दखाले यी ऱ्हायनात. उच्ची जागा म्हंजे तुम्हन्याच गंज्या. त्यास्वर बठतीन, बिड्या वढतीन."

शेठनी गंजी त्याच दिवशी खाली नदीकाठी नेल्या. मोकळ्या जागेत भजी-शेवेचं दुकान मांडलं. गल्लीतल्या बाकीच्यांनी शेठचं पाहून आपापल्या गंजी हलवल्या. शेठ उगाच काही करत नाही, एवढी सगळ्यांची खात्री होती.

शर्यत दोधूच्या जोडीने मारली, जेमतेम एका मानेच्या अंतराने. चुडामणचं म्हणणं, आपल्या बाजूला जमीन उंचसखल होती. जमनाबाईने सगळा तमाशा स्वतःच्या गोवऱ्यांच्या ढिगावर बसून पाहिला.

चैत्रात, भर दुपारी, डोंगरावरून तो ओळखीचा तडतड आवाज आला. वारा मागल्या सालासारखाच होता. पुरुषभर उंचीच्या ज्वाळा गवतातून धावत आल्या, पट्ट्याच्या काठाशी पोचल्या आणि खायला काही नाही म्हणून तिथेच घुटमळल्या. ठिणग्या तेवढ्या उडत होत्या. माणसं छपरांवर चढली, ओली पोती आणि निंबाच्या फांद्या घेऊन. जमनाबाई नव्या कालवडीचं दावं सोडून तिला घट्ट धरून उभी होती.

एक ठिणगी तिच्या गोवऱ्यांवर पडली. तो ढीग हलवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत जळत राहिला. मगन पाटलाने वर्षातलं आपलं लांबलचक भाषण तेव्हा केलं. "समदा गावन्या गंज्या हालाव्यात. आपलाच ढीग राही गया."

चुडामण काजळलेल्या तोंडाने आला. "वहिनी, तुम्ले हाई आधीच सुचेल व्हतं का?"

"मले बैल पयतांना दखाना व्हतात," जमनाबाई म्हणाली, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

पुढल्या साली चुडामणने आपली बाजू सपाट करताना पट्टा डोंगराकडे वाढवला. ते पाहून दोधूने गावाकडची बाजू वाढवली. दरसाल असंच. आग येत राहिली, पण गल्लीत पुन्हा उतरली नाही. जमनाबाईला घोर लागला तो वेगळाच. एका वर्षी चुडामण आणि दोधू, दोघांचं इतकं गूळपीठ जमलं, की त्यांनी भागीत एकच जोडी घेतली आणि शर्यत कशाला, असं बोलू लागले. जमनाबाईने ते ऐकलं, भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि विरजणाचं भांडं घेऊन ती दोधूच्या घराकडे निघाली.