इथं हात लावू नये

मी नेमकं काय करतो हे आईला नीट सांगणं मला कधीच जमलं नाही. एका दिवाळीत साताऱ्याला ती सोऱ्यानं चकल्या पाडत बसली होती, तेव्हा मात्र एक बरं उदाहरण सापडलं. म्हटलं, आम्ही चकल्या करत नाही, आम्ही सोऱ्या करून देतो. चकती कसली हवी ते ज्यानं त्यानं सांगायचं, आम्ही तसा सोऱ्या देणार, चकल्या त्यानं आपल्या घरी पाडाव्यात. आई म्हणाली, "आणि सोऱ्याचे पैसे?" म्हटलं, "फुकट." तिनं कढईतली चकली उलटली.

त्या सोऱ्याचं खरं नाव पार्सर जनरेटर. कॉम्प्युटरला एखादी भाषा वाचायला शिकवायची तर तिचे नियम कुणीतरी लिहून द्यावे लागतात. आमच्या प्रोग्रामला ते नियम दिले की तो ती भाषा वाचणारा दुसरा प्रोग्राम तयार करून द्यायचा. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या खोलीतल्या मित्रानं मिळून तो लिहिला, आणि आतल्या सगळ्या ओळींसकट इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही घ्या, उघडा, बदला. याला पुढं ओपन सोर्स असं भारदस्त नाव मिळालं. आम्ही केलं तेव्हा लोक त्याला रिकामटेकडेपणा म्हणत.

मित्र कडेगावचा, घरची उसाची शेती. प्रोग्रामचं काळीज त्यानं लिहिलं होतं, मी बाकीचे हातपाय. अशा प्रोग्रामच्या पोटात एक भलामोठा तक्ता असतो: अमुक ठिकाणी तमुक शब्द आला तर काय करायचं. कॉलेजच्या मशीनला तो तक्ता पेलवेना. मित्रानं चार दिवस खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही आणि तो तक्ता असा काही दुमडून बसवला की जणू सगळ्या घरादाराचे कपडे एका ट्रंकेत मावावेत. दोन-अडीचशे ओळींचा तो भाग. त्यात त्यानं ऊसतोडीतली नावं दिली होती: मोळी, फड, गाडी, कोयता. समजावून सांगणारी टीप एकही नाही. फक्त सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ: इथं हात लावू नये.

पुढं एका जर्मन माणसानं मला मेल करून विचारलं, की ही ओळ म्हणजे एखाद्या भारतीय पद्धतीचं नाव आहे का. मी कळवलं, होय, फार जुनी पद्धत आहे.

मित्र पुण्याला नोकरीला लागला आणि तिथून अमेरिकेला गेला. मी सांगलीतच शिकवायला राहिलो. हळदीच्या गोदामामागं एक खोली घेतली, कॉम्प्युटर घेतला. सौदे सुरू झाले की हळदीची धूळ खिडकीतून आत यायची आणि कीबोर्ड पिवळा व्हायचा. कॉम्प्युटरवरून पुण्याला एसटीडी फोन लावून मेल उतरवायची, त्यात लाइन तुटायची, मग पहिल्यापासून. आणि मेलमध्ये काय, तर तक्रारी. फुकटच्या गाईचेही दात मोजणारे लोक जगभर असतात हे मला तेव्हा कळलं.

तक्रार सगळ्यांची एकच. आमच्या प्रोग्रामनं केलेल्या वाचकाला चूक सापडली की तो "चूक आहे" एवढंच सांगून थांबायचा. कुठं चुकलं, काय यायला हवं होतं, काही नाही. एखाद्या खडूस मास्तरानं वही तोंडावर फेकावी तसं. लोकांचं म्हणणं रास्त होतं. मी पुढच्या आवृत्तीचा बेत लिहायला घेतला: चूक कुठं आहे ते सांगावं, कोणता शब्द अपेक्षित होता ते सांगावं, एका चुकीपाशी न थांबता पुढचं वाचावं. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठींवर मोठ्या अक्षरांत लिहून ते कागद भिंतीला चिकटवले. बेत झकास होता. पण प्रत्येक कलमाशी घोडं एकाच जागी पेंड खायचं. मित्राच्या त्या दुमडलेल्या तक्त्यात. तिथं शिरल्याशिवाय एकही सुधारणा होण्यासारखी नव्हती, आणि मला तिथं शिरता येत नव्हतं. कितीदा बसलो. मोळीत फड, फडात गाडी, गाडीत पुन्हा मोळी. दहाव्या ओळीपर्यंत समजल्यासारखं वाटायचं आणि अकराव्या ओळीला सगळं हातातून सुटायचं. एखादा आकडा बदलून बघितला की भलतीकडंच काहीतरी मोडायचं. स्वतःच्याच घरातली एक खोली आपल्याला उघडता येत नाही याची फार चीड यायची.

मेलवर विचारलं की मित्राचं उत्तर ठरलेलं: "आल्यावर बोलू." आणि त्या हिवाळ्यात तो खरंच येणार होता. दोन आठवड्यांची रजा, लग्नासाठी मुली बघायला. मला मुलींशी कर्तव्य नव्हतं. तो कॅलेंडरांसमोर बसून एक दिवस बोलला असता तरी माझं काम झालं असतं. मी जगभरच्या तक्रारवाल्यांना कळवून टाकलं, की मूळ लेखक येतोय, थोडा धीर धरा.

तो भावाच्या मोटारसायकलवरून आला. अंगानं भरला होता, बोलणं मात्र होतं तसंच. भडंग पुढ्यात ठेवलं, चहा झाला, मी भिंतीकडं बोट केलं. त्यानं सगळी कलमं वाचली. मग म्हणाला, "गड्या, ब्येस हाय. पर मला ह्यात बोलता येत न्हाई."

"का?"

"कंपनीत सही केलीया मी. माझ्या डोक्यात जे काय येईल ते त्यांचं. भाईरचं काम करायचं न्हाई, त्यावर बोलायचं बी न्हाई."

"झोपेत डोक्यात आलं तर?"

"ते बी त्यांचं."

"आणि आंघोळीला बसलास तर?"

"आंघुळीचं बी." तो हसला, पण अर्धवट.

मी म्हटलं, अरे, हे तू नोकरीच्या आधी लिहिलंयस, आणि सांगलीत हळदीच्या गोदामामागं तू काय बोललास हे अमेरिकेत कोण ऐकणार आहे? तो म्हणाला, "ऐकत न्हाईत रं. पर व्हिसा त्यांच्या हातात हाय. उगं कशाला?" आणि भडंगातले शेंगदाणे वेचून खात बसला.

त्यानंतर तो तीनदा आला. मी बेत वाचून दाखवायचो, तो ऐकायचा. मुद्दाम चुकीचं बोलायचो, म्हणजे तरी तो न राहवून दुरुस्त करेल. तो मान हलवायचा, ती होकाराची की नकाराची तेही कळायचं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तर मी तेही केलं. मिरजेला नेऊन जेवू घातलं, दोन मुलींच्या फोटोंवर मत दिलं. एकदा तर चिडून म्हणालो, "तू माणूस नाही राहिलास, कंपनीचा बैल झालास." मग उठताना म्हणाला, "त्या भागाची छापील परत दे की. नुसतं बगतो."

माझा जीव भांड्यात पडला. वाचायला हरकत नाही म्हणजे गडी वळला. मी तातडीनं छापून दिली.

चार दिवस तो फिरकला नाही. मग मीच एसटीनं कडेगावला गेलो. तो मुलगी बघायला विट्याला गेला होता. त्याचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. मला बघून त्यांनी घरात चहा सांगितला आणि हळूच विचारलं, "मास्तर, पोराला तकलीप हाय काय वो काई?"

"का हो अण्णा?"

"सकाळधरनं कागद घिऊन रानात जातंय. बांधावर बसतंय. हाक मारली तरी वर बगत न्हाई. आज पोरगी बगाय गेलं तरी कागद खिशात हायच. लय अवघड हाय का त्यात?"

मी मनात खूश झालो. अण्णांना म्हटलं, "आवं, तकलीफ कसली, तो मोठं काम करतोय. तुमच्या पोरासारखं डोकं जिल्ह्यात नाही." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "व्हय?" म्हणाले. "मग बसू दे बसतंय तर." एसटीत परत येताना मी नव्या आवृत्तीचं पत्रक मनातल्या मनात लिहीत होतो.

रजा संपली. मिरज जंक्शनवर त्याला मुंबईची गाडी पकडायची होती. घरच्यांचा निरोप त्यानं गावातच घेतला होता, स्टेशनवर मी एकटाच. गाडीला थोडा वेळ होता. मला वाटलं होतं, तो बॅगेतून भरलेली वही काढेल. त्यानं घडी घातलेले तेच कागद काढून माझ्या हातात दिले. चहाचा एक गोल डाग, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीचे बाण. मोळीवरनं फडाकडं एक, फडावरनं गाडीकडं एक. मग तिसरा, खोडलेला. पुढची पानं कोरी.

मी भडकलो. म्हणालो, "एवढंच? दोन आठवडे मला झुलवलंस आणि हे? सही, सही, सही! कधीतरी एकदा सही बाजूला ठेवायची होतीस."

तो रुळांकडं बघत होता. म्हणाला, "सही खरी हाय. पर सहीचं न्हवं ते."

"मग?"

"मला येत न्हाई रं आता."

मला आधी अर्थच लागेना. तो म्हणाला, "मीच लिवलंय ते मला म्हाईत हाय. नावं माझी हायत, मोळी, फड. पर तवा डोक्यात काय हुतं त्ये मागं लागूनबी गावंना. रोज बसलो बग रानात. धाव्या वळीपतोर येतंय, मग सुटतंय." माझ्या हातातल्या कागदांकडं बघून म्हणाला, "तिकडं मी निस्ती दुसऱ्यांची गणितं दुरुस्त करतो. असलं काई मला पुन्यांदा सुचलं न्हाई. मला वाटलं, हे तरी येईल."

दहाव्या ओळीपर्यंत. मी तिथवरच अडकत होतो, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्याला शिव्या द्याव्यात तर कशाबद्दल, समजूत घालावी तर कोणत्या शब्दांत? इतका हतबल मी परीक्षेच्या हॉलमध्येही कधी झालो नव्हतो. जवळच एक पोरगेला मुलगा गवसणी घातलेला तंबोरा छातीशी धरून उभा होता. मी बराच वेळ त्या गवसणीकडंच बघत राहिलो.

गाडी लागली. त्याची बॅग आत ठेवून दिली. खिडकीतून तो म्हणाला, "अण्णास्नी कायतर मोठ्ठं सांगून आलायस तू. त्ये तसंच ऱ्हाऊ दे." मी मान हलवली. गाडी गेल्यावर सिटी बसनं सांगलीला आलो. सगळ्या वाटेत पत्रकातलं एकही वाक्य आठवलं नाही.

नंतर मी तो भाग नव्यानं लिहून बघितला. चालला, पण इतका रडतखडत, की ज्यांनी आमचा प्रोग्राम त्याच्या चपळपणासाठी घेतला होता त्यांनी एका आठवड्यात हाय खाल्ली. पुन्हा जुना भाग बसवला. कॅलेंडरं भिंतीवर पिवळी पडत गेली, उन्हानं थोडी आणि हळदीनं थोडी. मेल येत राहिल्या. येणारा लेखक आला का, नवी आवृत्ती कुठवर आली? मी "काम चालू आहे" असं लिहायचो. चालू काहीच नव्हतं.

मग त्या जर्मन माणसाची मेल आली, फार सभ्य. त्यानं लिहिलं होतं: मी तुमचा तो भाग महिनाभर वाचतो आहे, मला तो कळत नाही, पण ज्यानं लिहिला तो विलक्षण माणूस असला पाहिजे. तुम्ही परवानगी दिलीत तर मी त्यालाच थेट विचारतो. कृपया त्याचा पत्ता द्यावा.

पत्ता माझ्याकडं होता. कडेगावच्या बांधावर कागद घेऊन बसलेला तो आणि अंगणात "व्हय?" म्हणणारे अण्णा डोळ्यांपुढं आले. मी उत्तर लिहिलं: लेखक खुशाल आहे. सगळं त्याच्या डोक्यात आहे. पण नोकरीला लागताना त्यानं एका करारावर सही केली आहे, त्यामुळं त्याला यावर एक शब्दही बोलता येत नाही.

पुण्याची लाइन त्या दिवशी पहिल्याच फटक्यात लागली.

जर्मन माणसाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. असल्या कंपन्यांना त्यानं मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. आणि शेवटी लिहिलं होतं: एवढं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात कुलूप लावून पडलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं. त्याला माझा नमस्कार सांगा.

नमस्कार तेवढा मी मित्राला कळवला. मग भिंतीवरची कॅलेंडरं काढून टाकली, आणि प्रोग्राममधल्या त्याच्या 'इथं हात लावू नये' या ओळीखाली, पुढं जो कुणी उघडेल त्याच्यासाठी, इंग्रजीत तिचा खरा अर्थ लिहून ठेवला.